उन्हाळ कांदा सुकवण्याची पद्धत: उपटणीपासून चाळीपर्यंत

आषाढ लागला की खान्देशातल्या अनेक घरांत साठवलेल्या कांद्याला वास सुटतो, माना मऊ पडतात, वरच्या पापुद्र्याखाली काजळी (काळी बुरशी) दिसू लागते आणि दिवाळीपर्यंत पुरवायचा म्हणून ठेवलेला माल पोळ्याच्या आधीच उकिरड्यावर जातो. दोष पावसाळी हवेला दिला जातो. परंतु त्याच गावात, त्याच हवेत, शेजारच्या चाळीतला (कांदा साठवण्याच्या हवेशीर मांडवातला) कांदा टणक राहिलेला असतो. हा फरक बहुधा काढणीनंतरच्या पंधरा-वीस दिवसांत पडलेला असतो, आणि त्या दिवसांतली कामे कोणत्या क्रमाने करायची एवढेच या लेखात सांगितले आहे. दोन-चार गुंठ्यांत घरापुरता कांदा घेणाऱ्यांना आणि एकरभर लावून उरलेला विकणाऱ्यांना हा क्रम सारखाच लागू पडतो.

आधी एक गैरसमज दूर करावा

मिरची वाळवताना तिच्यातले सगळे पाणी घालवायचे असते. कांदा सुकवताना आतला रस जसाच्या तसा राखायचा असतो; सुकवायची ती फक्त मान, मुळे आणि वरचे दोन-तीन पापुद्रे. हिरवी मान म्हणजे कांद्याच्या गाभ्यापर्यंत जाणारी उघडी वाट असते आणि बुरशी व सडीचे जिवाणू तिथूनच आत शिरतात. मान आतून सुकून मिटली की ही वाट बंद होते, आणि वरचे पापुद्रे कोरडे झाले की आतला ओलावा बाहेर जाण्याचा वेग मंदावतो. हे काम वाऱ्याचे आहे. ऊन त्याला काही प्रमाणात मदत करते, पण एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर या पट्ट्यात पारा ४३ ते ४५ अंशांवर जातो, आणि तेवढे ऊन उघड्या कांद्याला सुकवत नाही, शिजवते. इतर जिल्ह्यांसाठी लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा वापरल्याने होणारे नुकसान याच ठिकाणी होते.

टप्पा १: काढणीपूर्वीची तयारी

साठवण्यासाठी रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदाच निवडावा. एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण, ॲग्रीफाउंड लाइट रेड हे वाण टिकतात. एन-५३ किंवा बसवंत ७८० यांसारखे खरिपाचे वाण कितीही निगुतीने सुकवले तरी चार-पाच महिने राहत नाहीत, कारण त्यांच्या माना नीट पडत नाहीत आणि कोंबही लवकर येतात. पांढऱ्या कांद्याचेही तसेच आहे: लाल कांद्याच्या रंगीत पापुद्र्यांत बुरशीला अटकाव करणारी द्रव्ये असतात, ती पांढऱ्यात नसतात. जळगाव भागात निर्जलीकरणाच्या कारखान्यांसाठी पांढरा कांदा घेतला जातो, तो काढणीनंतर लगेच पाठवण्यासाठी; त्यातला घरी राहिलेला आधी खाऊन संपवावा.

लागवडीनंतर दोन महिन्यांनी युरिया देणे पूर्ण थांबवावे. युरियातून उशिरा दिलेल्या नत्राने पात हिरवीगार राहते, मान जाड होते आणि जाड मान लवकर मिटत नाही.

काढणीच्या १० ते १५ दिवस आधी पाणी तोडावे. हलक्या जमिनीत १० दिवस पुरतात, तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत १५ दिवस धरावेत. काळी जमीन सुकली की घट्ट होते आणि कांदा ओढताना मान तुटते, म्हणून अनेक जण उपटणीच्या आदल्या दिवशी हलके पाणी देतात. संपूर्ण हंगामात होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत महागडी आहे, कारण पंधरा दिवसांत कोरडी होत आलेली मुळे एका रात्रीत पुन्हा ओलावा ओढतात, वरचे पापुद्रे तडकतात आणि कांद्याला चिकटलेली ओली माती काजळीला निमंत्रण देते. जमीन घट्ट असेल तर कांद्यापासून चार बोटे अंतर ठेवून कुदळीने माती सैल करावी आणि मग कांदा उचलावा.

सावलीची जागा, कापणीचे विळे, जाळीची बारदाने किंवा क्रेट आणि चाळीची डागडुजी हे सर्व उपटणीच्या आधी तयार असावे. मजुरांचा बंदोबस्त हा आपल्याकडे वेगळा विषय आहे. उन्हाळ कांदा नेमका आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास काढणीला येतो, लेकी-सुना माहेरी गेलेल्या असतात, आणि मजूर मिळाले की सगळे काम एका दिवसात उक्ते उरकून घेण्याचा मोह होतो. तसे केल्यास उपटणे आणि पात कापणे एकाच दिवशी होते, आणि पुढची सगळी सुकवणी तिथेच फसते. मजूर दोनदा लागणार आहेत, मध्ये किमान तीन दिवसांचे अंतर राहणार आहे, हे ठरवतानाच स्पष्ट करावे आणि मजुरीही त्याप्रमाणे बोलावी.

टप्पा २: काढणीची वेळ ओळखणे

पिकातील निम्म्या झाडांच्या माना आपोआप पडल्या की काढणी सुरू करावी. पुनर्लागवडीपासून साधारण ११० ते १२० दिवसांत ही अवस्था येते, परंतु दिवस मोजण्यापेक्षा माना पाहाव्यात. सगळ्याच माना पडून पात पूर्ण वाळेपर्यंत थांबणे हीसुद्धा चूकच आहे, कारण तापलेल्या जमिनीत कांदा जास्त दिवस राहिला की वरचे पापुद्रे सुटतात आणि उपटल्यावर कांद्याला झाकायला पातच शिल्लक राहत नाही.

> तपासणी: वाफ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले दहा-बारा कांदे उपटून मान दोन बोटांत दाबावी. बहुतेकांची मान आतून पोकळ आणि मऊ लागली तर वेळ आली आहे; भरीव आणि रसरशीत लागली तर आठवडाभर थांबावे.

पायाने पात तुडवून किंवा रिकामे पिंप फिरवून माना पाडण्याची पद्धत खरिपाच्या कांद्यात वापरतात, कारण तिथे माना स्वतःहून पडत नाहीत. उन्हाळ कांद्यात तिची गरज नाही. त्याने मानेला जखम मात्र होते.

टप्पा ३: उपटणी आणि शेतातील सुकवणी

उपटणी पहाटे किंवा सकाळी लवकर करावी आणि दहा-साडेदहापर्यंत थांबवावी. कांदा पातीसकट काढावा, हाताने हलका झटकावा आणि जमिनीवर ओळीने मांडावा. आपटून माती काढू नये. आपटलेल्या कांद्यावर बाहेरून काही दिसत नाही, पण महिन्याभराने त्याच जागी मऊ डाग पडतो. चिकटलेले ढेकूळ दोन दिवसांत वाळून आपोआप सुटते. कांदा धुऊन काढणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की धुतलेला कांदा त्याच आठवड्यात संपवावा.

मांडण्याची रीत महत्त्वाची आहे. पहिल्या ओळीतले कांदे शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यांची पात एकाच दिशेला राहू द्यावी. दुसरी ओळ अशी लावावी की तिची पात पहिल्या ओळीच्या कांद्यांवर पडेल, तिसरीची पात दुसरीवर, आणि याप्रमाणे घरावर कौले चढत जातात तशी सगळी शेज झाकली जावी. शेवटच्या ओळीवर वाफ्यातली तुटलेली पात पसरावी. कांदा दिसता कामा नये. वरून पाहिल्यावर फक्त पात दिसली पाहिजे.

पात इथे दोन कामे करते. ती उन्हापासून सावली देते, आणि सुकत जाताना मानेतला ओलावा बाहेर जाऊ देते. म्हणूनच या टप्प्यावर पात कापणे म्हणजे कांद्याचे छत्र काढून त्याच वेळी त्याची मान ओली व उघडी ठेवणे होय.

मार्चअखेरीस काढलेला कांदा शेतात चार-पाच दिवस ठेवता येतो. एप्रिलच्या मध्यानंतर तीन दिवस पुरेसे आहेत. पारा ४३ च्या वर जात असेल तर माझ्या मते दोन रात्री झाल्या की कांदा पातीसकट सावलीत हलवावा आणि उरलेली सुकवणी तिथेच होऊ द्यावी, कारण काळ्या जमिनीचा पृष्ठभाग भर दुपारी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि झाकलेल्या कांद्यालाही खालून चटका बसतो.

> सावधान: उन्हाने भाजलेला कांदा त्याच दिवशी ओळखू येत नाही. दोन-तीन दिवसांनी त्याच्या एका बाजूला फिकट, किंचित दबलेला, चामड्यासारखा डाग दिसतो आणि पुढे तो भाग सडतो. असा एक कांदा चाळीत गेला की शेजारच्या कांद्यांनाही सड लागते.

कांदा धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) पसरणे हीदेखील इथली नेहमीची चूक आहे. कुरडया, पापड आणि मिरची यांसाठी धाबे उत्तम आहे; मातीचे असो की स्लॅबचे, मे महिन्यात कांद्यासाठी ती तव्याची जागा ठरते.

*वळवाचा पाऊस आल्यास:* आभाळ भरून आले तर कांद्याचा ढीग करून त्यावर ताडपत्री टाकू नये. बांबू किंवा दोरीच्या आधाराने ताडपत्री कांद्यापासून हातभर वर ताणावी, दोन्ही टोके उघडी ठेवावीत आणि पाऊस थांबताच ती काढावी. भिजलेला कांदा वेगळा करावा, वारा खेळेल अशा सावलीत एकाच थरात पसरावा आणि पुढेही तो वेगळाच ठेवून आधी वापरावा किंवा विकावा. भिजलेला व कोरडा माल एकत्र केला तर काही आठवड्यांनी दोन्ही गमवावे लागतात.

टप्पा ४: पात कापणे

पात पिवळी पडून चुरचुरीत झाली आणि मान आकसली की कापणीला बसावे. कांद्याच्या खांद्यापासून एक इंच, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर मान ठेवून धारदार विळ्याने पात कापावी. अगदी खांद्यालगत कापले तर आतले पापुद्रे उघडे पडतात आणि काजळी थेट आत जाते. दुसरीकडे, चार बोटे पात ठेवली तर ती चाळीत ओलावा धरते आणि ढिगात हवा फिरू देत नाही. घाईत पात पिळून तोडली जाते, त्यामुळे मानेबरोबर वरचा पापुद्राही सोलून निघतो. असे तोडलेले कांदे बाजूला काढावेत. मुळे कापायची असल्यास पूर्ण वाळल्यावरच आणि बुडाला धार न लागू देता कापावीत, किंवा तशीच राहू द्यावीत.

> तपासणी: पूर्ण कापणीपूर्वी दहा कांद्यांची पात कापून पाहावी. कापलेल्या जागी रसाचा थेंब दिसला किंवा बोट ओले झाले तर काम त्या दिवशी थांबवावे. मजूर आलेले असले तरीही थांबवावे; त्या दिवशी त्यांच्याकडून पुढच्या टप्प्यातली निवड करून घेता येते.

टप्पा ५: निवड

साठवणीसाठी मध्यम आकाराचे, साधारण ४५ ते ७५ मिलिमीटर व्यासाचे, बारीक मानेचे, एकसारख्या रंगाचे कांदे घ्यावेत. जोड कांदे, डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले, जाड मानेचे, कुदळ लागलेले, भाजलेले आणि पत्ती (वरचा पापुद्रा) सुटलेले कांदे वेगळे करावेत. चिंगळी, म्हणजे अगदी बारीक कांदे, खायला चांगली असली तरी ती मोठ्या कांद्यांच्या फटीत बसून हवेची वाट बुजवते, म्हणून तिचे बारदान निराळे असावे. मोठा, देखणा कांदा साठवणीला ठेवून बारीक विकण्याकडे कल असतो. टिकण्याच्या दृष्टीने फार मोठा कांदा मध्यमापेक्षा कमकुवत असतो, तेव्हा तोच आधी बाजारात न्यावा.

टप्पा ६: सावलीतील सुकवणी

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो. पात कापून झाली, कांदा कोरडा दिसतो, मग थेट चाळीत भरला जातो. परंतु कापलेल्या मानेच्या आतला भाग त्या वेळी अजून ओलसर असतो आणि चार-पाच फुटांच्या थरात तो ओलावा अडकतो. कापणीनंतर १० ते १५ दिवस कांदा सावलीत, मोकळ्या हवेत राहिलाच पाहिजे.

निंबाची दाट सावली, गोठ्याची पडवी, चारही बाजूंनी उघडे शेड किंवा शेडनेट यांपैकी काहीही चालते. कांदा थेट मातीवर किंवा प्लॅस्टिकवर पसरू नये. खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आडव्या-उभ्या अंथराव्यात, म्हणजे खालूनही हवा लागते. थर फूटभराचा असावा. सावलीतल्या जागेची अगदीच टंचाई असेल तर दीड फूट. पत्र्याचे शेड वापरायचे असेल तर वर कडबा किंवा पाचट टाकून पत्रा तापू देऊ नये आणि कांदा मधोमध ठेवावा, कारण पश्चिमेकडून उतरते ऊन कडेच्या मालावर येते. निंबाच्या सावलीतही दिवसभरात ऊन कसे सरकते हे आधी एक दिवस पाहून जागा आखावी.

घरापुरताच कांदा असेल तर तो जाळीच्या क्रेटमध्ये अर्धा-पाऊण भरून ओसरीत ठेवावा. ढगाळ आणि दमट दिवस आले तर जमिनीलगत साधा पंखा लावल्याने मोठा फरक पडतो.

कांदा वारंवार वर-खाली करू नये. प्रत्येक उलथापालथीत पापुद्रे सुटतात. चार-पाच दिवसांनी एकदा, हाताने, तेवढे पुरे.

> तपासणी: सुकवणी पूर्ण झाली हे पुढील खुणांवरून ओळखावे.
> — मान दोन बोटांत फिरवली असता आत काही सरकत नाही. ती घट्ट आणि कागदासारखी लागते.
> — मूठभर कांदे हलवले की पापुद्र्यांची सळसळ ऐकू येते.
> — मुळे बोटाने चुरगळतात.
> — ढिगात कोपरापर्यंत हात घातला असता आत गारवा किंवा ओल जाणवत नाही.
> — १० किलो कांद्याचे एक बारदान खूण करून वेगळे ठेवावे आणि एक दिवसाआड त्याचे वजन करावे. आरंभी घट ठळक असते. ती नाममात्र झाली की माल तयार आहे.

या खुणांपैकी मानेची खूण सर्वांत विश्वसनीय आहे. रंग आणि सळसळ बऱ्याचदा आधीच येतात आणि फसवतात.

टप्पा ७: चाळीत किंवा घरात भरणे

कांदा सकाळी भरावा. दुपारचा तापलेला कांदा चाळीत गेला तर ती उष्णता थराच्या मध्यभागी बराच काळ टिकते. मृगाच्या पावसापूर्वी भरणी पूर्ण झालेली असावी.

लहान चाळीसाठी रुंदी ४ फूट, कांद्याच्या थराची उंची ४ ते ५ फूट आणि तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ही मापे सोडू नयेत. तळाला फटी असलेला बांबूचा किंवा लाकडी पट्ट्यांचा मांडव असावा. एकपाखी (कप्प्यांची एकच ओळ असलेली) चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी (दोन ओळींची) चाळ पूर्व-पश्चिम बांधावी. रुंदी वाढवून जास्त माल बसवण्याचा प्रयत्न केला तर मधल्या कांद्याला हवा मिळत नाही आणि सडीची सुरुवात तिथूनच होते. भरताना कांदा फूटभराहून अधिक उंचीवरून सोडू नये आणि ढिगावर चढून पाय देऊ नये.

चाळ नसेल तर जाळीच्या बारदानांत २०-२५ किलो भरून ती आढ्याला टांगावीत किंवा क्रेट विटांवर रचून भिंतीपासून हातभर दूर ठेवावेत. बंद कोठी, प्लॅस्टिकची गोणी, पत्र्याखालचा माळा आणि बटाट्याचा शेजार टाळावा.

> सावधान: तळाला किंवा थरांमध्ये कीटकनाशकाची भुकटी टाकण्याची सवय काही ठिकाणी आहे. खाण्याच्या कांद्यावर असे कोणतेही औषध टाकू नये; न सुकलेल्या मानेवर त्याचा उपयोगही होत नाही.

किती भरावे याचा अंदाज आधीच बांधावा. साधारण साठवणीत चार-पाच महिन्यांत नुसत्या वजनातली घट २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि सड व कोंब यांची घट त्याशिवाय. दिवाळीपर्यंत एक क्विंटल खायला हवा असेल तर दीड क्विंटल भरणे शहाणपणाचे आहे. चांगले पीक आल्यास एका गुंठ्यात अडीच-तीन क्विंटल निघतो, तेव्हा लहान कुटुंबाची गरज तेवढ्यातच भागते.

टप्पा ८: पावसाळ्यातील देखरेख

पावसाची झड ज्या बाजूने येते तीच बाजू बारदानाने झाकावी आणि पाऊस थांबला की उघडावी. तळाची बाजू कधीही बुजवू नये. दर आठवड्याला चाळीच्या खाली वाकून जमीन पाहावी. कोरड्या जमिनीवर एखादा ओला डाग दिसला तर त्याच्या नेमक्या वर कांदा सडून गळत आहे असे समजावे. बाजूची जाळी सोडून तेवढाच भाग काढावा, सडलेला आणि त्याला चिकटलेला कांदा बाहेर घ्यावा. पूर्ण चाळ उपसू नये. डाग दोन-तीन ठिकाणी दिसले आणि वासही येऊ लागला तर मात्र तो संपूर्ण कप्पा कोरड्या दिवशी रिकामा करून निवडावा.

भाद्रपद सरल्यावर रात्री गार होऊ लागतात आणि कांदा कोंब धरू लागतो. कोंब आलेला कांदा सडलेला नसतो. तो भाजून काळ्या रश्शाच्या वाटणात घातला तर चवीत उणेपणा येत नाही. असे कांदे दर आठवड्याला वेचून स्वयंपाकघरात आणावेत आणि टणक, बंद मानेचे मागे ठेवावेत.